ब्रिज, बुद्धिबळ आणि संगणक : मॅथ्यू गिन्सबर्ग यांच्या कार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणक आणि बैठे खेळ यांच्या इतिहासात 1997 हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. मे महिन्यात आयबीएम कंपनीच्या डीप ब्लू या यंत्राने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्ह यांना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी पराभूत केले. त्याच वर्षी ब्रिज खेळणाऱ्या संगणक आज्ञावल्यांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. बुद्धिबळात यंत्र जगज्जेत्याच्या पुढे गेले असताना ब्रिजमध्ये मात्र ते तज्ज्ञ खेळाडूंच्या बरेच मागे होते. ही तफावत कोणत्या मार्गाने कमी झाली, हे अमेरिकन संशोधक मॅथ्यू गिन्सबर्ग यांच्या कार्यातून स्पष्ट होते.

दोन खेळांतील भेद

बुद्धिबळाचा पट दोन्ही खेळाडूंसमोर उघडा असतो. त्यामुळे पुढील खेळींचा वेगाने शोध घेणे हेच यंत्राचे मुख्य बळ ठरले. डीप ब्लू एका सेकंदात सुमारे 20 कोटी स्थिती तपासत असे. ब्रिजमध्ये असे करता येत नाही. बोली संपल्यावर डाव खेळणाऱ्यास स्वतःचे 13 आणि समोर मांडलेले भिडूचे 13 पत्ते दिसतात. उरलेले 26 पत्ते दोन विरोधकांत 1,04,00,600 प्रकारे विभागलेले असू शकतात. यंत्राने शोध घ्यावा तो यांपैकी कोणत्या वाटणीत, हाच मूळ प्रश्न होता.

आरंभीच्या आज्ञावल्यांनी मानवी खेळाडूच्या विचारपद्धतीचे अनुकरण केले. 1997 ची विजेती ‘ब्रिज बॅरन’ ही टॉम थ्रूप यांची आज्ञावली होती. मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांच्या सहकार्याने तिच्यात डावाची आखणी करण्याचे तंत्र समाविष्ट करण्यात आले होते. दुसरा मार्ग बुद्धिबळाच्या क्षेत्रातून आला. दहा वर्षांत कोणताही संगणक आपणास हरवू शकणार नाही, अशी पैज 1968 मध्ये लावून ती जिंकणारे बुद्धिबळपटू डेव्हिड लेव्ही यांनी 1989 मध्ये एक उपाय सुचविला. न दिसणारे पत्ते कल्पनेने अनेकदा वाटावेत, प्रत्येक वाटणी उघड्या पत्त्यांनी सोडवावी आणि सरासरीने उत्तम ठरणारा पत्ता खेळावा, असा तो उपाय होता.

‘जिब’ची निर्मिती

हा विचार प्रत्यक्षात उतरविण्याचे श्रेय गिन्सबर्ग यांच्याकडे जाते. ऑक्सफर्ड विद्यापीठातून 1980 मध्ये डॉक्टरेट मिळविल्यानंतर ते कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले आणि पुढे ओरेगॉन विद्यापीठात संशोधन करू लागले. उघड्या पत्त्यांचा एक डाव सोडविण्यासही संगणकाला फार वेळ लागे, ही मुख्य अडचण होती. 1996 मध्ये त्यांनी मांडलेल्या विभाजन-शोध पद्धतीने ती दूर झाली. एखाद्या स्थितीत दुर्री आणि तिर्री यांच्या अदलाबदलीने निकाल बदलत नसेल, तर त्या दोन्ही स्थिती एकच मानून श्रम वाचवावेत, असे तिचे सूत्र होते. या पायावर ‘जिब’ ही आज्ञावली उभी राहिली.

‘जिब’ने 1998 आणि 1999 ची जागतिक संगणक-ब्रिज स्पर्धा जिंकली. 1998 मध्येच फ्रान्समधील लील येथे निवडक 34 मानवी तज्ज्ञांसमवेत पत्ते खेळण्याच्या कठीण समस्या सोडविण्याची स्पर्धा झाली. तीत ‘जिब’ निम्म्या टप्प्यापर्यंत आघाडीवर होते व अखेरीस बाराव्या स्थानी राहिले. आपण निवडलेल्या संघास संगणक हरवू शकणार नाही, अशी दहा लाख पौंडांची पैज 1990 मध्ये लावणारे विख्यात खेळाडू झिया महमूद यांनी ती 1996 मध्येच मागे घेतली होती.

पद्धतीची मर्यादा

या यशामागे एक तात्त्विक दोष दडलेला होता. समजा, डाव खेळणाऱ्याच्या एका हाती एक्का व गुलाम, समोर राजा व दश्शी आहे आणि राणी विरोधकांकडे आहे. ती कोणाकडे आहे, हा अंदाज त्यास केव्हातरी करावाच लागतो. कल्पनेने वाटलेल्या प्रत्येक डावात मात्र यंत्रास राणीची जागा ठाऊक असते. परिणामी तो अंदाज कधीच चुकणार नाही, असे ते गृहीत धरते. म्हणून आधी माहिती मिळविण्यासाठी पत्ता खेळण्याची गरज त्यास जाणवत नाही. या दोषाचे सविस्तर विवेचन इयन फ्रँक व डेव्हिड बेसिन यांनी 1998 मध्ये केले. गिन्सबर्ग यांनीही ही मर्यादा मान्य केली आणि 2001 च्या शोधनिबंधात एकाच वेळी कोणत्या वाटण्यांत डाव जिंकता येतो, याचा विचार करणारी सुधारित पद्धत मांडली. त्याच वर्षी डच आज्ञावली ‘जॅक’ने जागतिक विजेतेपद पटकावले.

पुढे गिन्सबर्ग यांनी शब्दकोडी सोडविणारी ‘डॉ. फिल’ ही आज्ञावली रचली. बर्कली येथील संशोधकांच्या साहाय्याने तिने 2021 मध्ये अमेरिकेतील प्रमुख शब्दकोडे स्पर्धेत सर्वाधिक गुण मिळविले. 2022 मध्ये पॅरिस येथे ‘नूक’ या आज्ञावलीने ब्रिजच्या आठ जगज्जेत्यांपेक्षा सरस खेळ केला. तेथेही कसोटी केवळ डाव खेळण्याची होती. बोली, म्हणजे भिडूशी होणारा सांकेतिक संवाद, तीतून वगळण्यात आली होती.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, बुद्धिबळातील शोधतंत्र ब्रिजमध्ये निरुपयोगी नव्हते, परंतु ते अपुरे होते. अज्ञात पत्ते ज्ञात मानून केलेल्या गणिताने यंत्र तज्ज्ञांच्या पंक्तीस बसले. मात्र आपणास काय ठाऊक नाही, याचा हिशेब ते गणित ठेवू शकले नाही. गिन्सबर्ग यांच्या कार्याचे महत्त्व ‘जिब’च्या विजेतेपदांइतकेच या उणिवेवर त्यांनी केलेल्या संशोधनातही आहे.