बलाढ्य पाहुणा आणि गावचा पाटील

१९७४ साली अमेरिकेत छापलेल्या एका खेळात लढवय्याच्या सगळ्यात खालच्या पायरीचं नाव आहे ‘व्हेटरन’. म्हणजे मंडळी, आपण जिथे पोचून पेन्शनचे कागद भरतो, तिथून यांची सुरुवात! चौथ्या पायरीला तो ‘हीरो’ होतो, आठवीला ‘सुपरहीरो’, नववीला ‘लॉर्ड’. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. सध्या मी राजस्थानात आहे. इथले आमचे तरुण अधिकारी रविवारी दुपारी मेसमध्ये हा खेळ मांडतात. त्यांच्यात एक वाद जुंपलाय आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून आजचा लेख.

आधी खेळ समजून घ्या. टेबलाभोवती पाच-सहा जण. प्रत्येकाचं एक पात्र: कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक, कुणी धर्मगुरू. एक जण पंच. पंच सांगतो, ‘समोर गाव आहे, वेशीवर म्हातारा बसलाय.’ खेळाडू सांगतात, आम्ही अमुक करतो. जिथे शंका तिथे फासे. तो म्हातारा, सरायवाला, चौकीदार, राजा ही सगळी माणसं पंचाची. त्यांच्या तोंडून बोलायचं ते पंचानंच.

आमच्या पोरांची पात्रं वर्षभरात इतकी वाढलीत की एकटा लढवय्या अख्खं गाव कापून काढील. अशा माणसाशी गावानं वागायचं कसं, हा वाद. एक कॅप्टन म्हणतो, सरळ लोटांगण घालावं. दुसरा म्हणतो, सरायवालाच निवृत्त महायोद्धा निघावा आणि यांचा माज उतरवावा. मला दोन्ही पटत नाही. पहिल्या गावात माणसंच नाहीत, नुसतं सामान आहे. दुसऱ्यात गावकऱ्याला किंमत हवी असेल तर त्यानंही तलवारच काढली पाहिजे, असं गृहीत धरलंय.

या खेळाचा मूळ पुरुष आपल्याच घराण्यातला. प्रशियात फॉन राइसविट्झ बापलेकांनी ‘क्रीगस्पील’ बसवला. बापानं १८१२ मध्ये राजाला टेबलावरचा खेळ दाखवला. मुलानं १८२४ मध्ये नकाशावर खेळायचे नियम छापले. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाकडे देणार आणि निकाल पंच लावणार. आपल्या एक्सरसाइजमध्ये दंडाला पांढरी पट्टी लावून फिरणारा अंपायर त्याच घराण्यातला. पुढे १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्यानं सांगितलं की कोष्टकं आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवा.

या सगळ्यात गाव होतंच, पण आडोसा म्हणून. नकाशावर घरं होती, रस्ते होते, पूल होते. घरात राहणारा मात्र कुणी नव्हता. लाल ठोकळे आणि निळे ठोकळे, बस्स. सँड मॉडेलवर आपणही काड्यापेटीएवढी घरं मांडतो आणि ‘बिल्ट-अप एरिया’ म्हणून मोकळे होतो.

त्या घरांत माणूस शिरला तो १९६९ मध्ये. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेझली या तरुणानं नेपोलियनच्या काळातल्या एका जर्मन गावावर खेळ मांडला, नाव ‘ब्राउनश्टाइन’. सैन्यं गावाकडे येताहेत. वेझलीनं सेनापतींच्या जोडीला गावच्या नगराध्यक्षासारख्या बिनसैनिकी भूमिकाही खेळाडूंना वाटल्या. प्रत्येकाला आपापला हेतू. मग काय, जो तो दुसऱ्याच्या कानाला लागला आणि लढाई बाजूलाच राहिली. वेझलीला वाटलं, खेळ फसला. खेळणाऱ्यांना मात्र तोच पुन्हा हवा होता! त्यांच्यातल्या डेव्ह आर्नेसननं हे बी पुढे नेलं आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ चा खेळ छापला.

त्या पहिल्या तीन पुस्तिका मी बारकाईनं वाचल्या. आमच्या पोरांच्या वादाचं उत्तर त्यांत बरंचसं आहे. वाटेत किल्ला लागला तर किल्लेदार काय करील? तो लढवय्या असेल तर आपल्यासारख्याच लढवय्याला भाल्याच्या द्वंद्वाला बोलावील, नाहीतर जकात मागेल. द्वंद्वात जिंकला तर तुमचं चिलखत त्याचं. हरला तर महिनाभर तुमचा पाहुणचार, निघताना शिधा आणि घोडे. मांत्रिक असेल तर तुमच्यावर मंत्र टाकून खजिना आणायला पाठवील आणि निम्मा तरी स्वतः ठेवील. धर्मगुरू दशांश मागेल. गंमत बघा, तिघांपैकी कुणी लोटांगण घालत नाही. पाहुणा बलाढ्य आहे, तर त्याच्याकडून आपलं काम कसं काढून घ्यावं, हे प्रत्येक जण आपापल्या पदाप्रमाणे बघतो.

पदरी ठेवलेल्या माणसांचा नियमही तसाच. त्यांची निष्ठा ठरते ती मालकाच्या व्यक्तिमत्त्वावरून, पगारावरून आणि वागणुकीवरून, आणि ती अधूनमधून पुन्हा तपासायची असते. मालकाच्या मनगटातल्या जोराचा त्या हिशोबात संबंध नाही. ज्यांनी कंपनी सांभाळली आहे त्यांना हे मी काय सांगणार?

तिसऱ्या पुस्तिकेत ‘संतप्त गावकऱ्यां’चाही एक नियम आहे. खेळाडूनं अक्षम्य अत्याचार केला, तर पंचानं गावकरी, चौकीदार, चोरांचे मोहल्ले त्याच्या मागे लावावेत. हा नियम मला उतावळा वाटतो. तो भुतांच्या सिनेमातून उचललाय, आणि हे लेखक स्वतःच कबूल करतात. मशाली घेऊन धावून येणं ही गावाची अगदी शेवटची चाल असते. त्याआधीच्या चाली शांत असतात.

त्या शांत चाली कुठे वाचायला मिळतात, तर शिवाजी महाराजांच्या पत्रात. १६७० च्या दशकात चिपळूणजवळ हलवर्ण इथे मुक्कामाला असलेल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांना ते लिहिलेलं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा बेहिशेब उडवलात तर संपेल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचं धान्य, भाकर, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला उचलू लागाल. मग कुणबी घर सोडून जातील, काही उपाशी मरतील आणि त्यांना तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. असा त्याचा आशय. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवील आणि गवताला आग लागेल, इतक्या बारीक सूचनाही त्यात आहेत. (हल्लीच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये उंदरापर्यंत कोण विचार करतो!)

त्या पत्रातला कुणबी एका घोडेस्वारालाही हरवू शकत नाही. पण तो निघून जाऊ शकतो. तो गेला की शेत पडीक, दाणा नाही, वैरण नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात पागा उपाशी. पंचाच्या हातातलं हे सगळ्यात खरं हत्यार आहे आणि त्याला एकही फासा टाकावा लागत नाही.

हत्यारबंद माणूस गावात शिरला की काय होतं, हे आपण सर्वांनी पाहिलंय. आधी पोरं येतात. मग खाट टाकली जाते, चहा येतो. त्या चहात रीत किती, भीती किती आणि हिशोब किती, हे पहिल्या दिवशी कळत नाही. वाट विचारली तर तिघे तीन दिशा दाखवतात. चौथ्या दिवशी कुणीतरी पाण्याच्या टाकीचं काढतो, कुणी म्हातारीच्या औषधाचं. आणि रजेवर आपल्या गावी गेलो, तर खांद्यावरचं वजन जितकं जास्त तितक्या चिठ्ठ्या जास्त: ‘साहेब, तेवढं पोराच्या भरतीचं बघा.’ बांधाच्या भांडणात पंच म्हणून बसवतात ते वेगळंच.

म्हणून त्या कॅप्टनांना मी एवढंच सुचवलंय की गाव चालवताना आधी तीन-चार माणसांना एकेक गरज द्या आणि एकेक गुपित. पाटलाला धरणाचा वाद मिटवून हवाय. सरायवाल्याचं उधार थकलंय, वसुली करायची हिंमत नाही. एका विधवेनं धान्य पुरून ठेवलंय आणि ती या नवव्या पायरीच्या लॉर्डला हसतमुखानं सांगते, घरात काही नाही हो. तिच्या घराची झडती घ्यायची की नाही, ते लॉर्डनं ठरवावं. उद्या हीच पोरं खऱ्या गावात तुकडी घेऊन जाणार आहेत. तिथेही त्यांना असंच एखादं दार दिसेल.

दुसऱ्या कॅप्टनानं विचारलं, ‘सर, झडती घेतली तर?’ घ्या म्हटलं. फक्त पुढच्या वेळी याच गावावरून जाल, तेव्हा किती चुली पेटलेल्या दिसतात, ते पंचानं आत्ताच लिहून ठेवावं.