सेकंड हँड क्रॉसओव्हर घेताय? मग ट्रायल गुलमंडीच्या गर्दीत घ्या

शनिवारची संध्याकाळ. पैठण गेटकडून गुलमंडीकडे निघालेली एखादी क्रेटा किंवा हॅरियर बघा. समोर हातगाडी, डाव्या हाताला साड्यांच्या दुकानासमोर लावलेल्या बाईक्स, उजवीकडून घुसणारी रिक्षा. गाडी दहा फूट सरकते, थांबते, परत दहा फूट सरकते. एसी चालू, इंजिन चालू, वेग मात्र पायी चालणाऱ्यापेक्षा कमी.

ड्रायव्हरला याचा वैताग येतो, पण खरी किंमत मोजते ती गाडी. आणि ती गाडी चार-पाच वर्षांनी विकायला निघाली की ते बिल नव्या मालकाच्या हातात पडतं.

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात सध्या अनेक घरांत एकच हिशोब चालू असतो. नवी मिडसाईज क्रॉसओव्हर घ्यायची तर ऑनरोड किंमत 15 ते 20 लाखांच्या घरात जाते. तीच गाडी पाच-सहा वर्षं जुनी घेतली तर 7 ते 10 लाखांत दारात उभी राहते. मग बचत मोडायची, थोडं कर्ज काढायचं आणि गाडी घ्यायची. हिशोब चुकीचा नाही. फक्त त्यात एक रक्कम धरलेली नसते, ती म्हणजे घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षातल्या दुरुस्तीची.

तर या गाड्यांमध्ये नेमकं काय बिघडतं, का बिघडतं, त्याला किती खर्च येतो आणि घेण्याआधी ते ओळखायचं कसं, हे समजून घेऊ.

सगळ्यात आधी, कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय?

साधारण 4.2 ते 4.6 मीटर लांबीच्या, दिसायला एसयूव्ही पण चालायला कारसारख्या गाड्या. ह्युंदाई क्रेटा, किया सेल्टोस, जीप कंपास, टाटा हॅरियर, एमजी हेक्टर, स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन टायगुन, मारुती ग्रँड विटारा आणि जुन्यांमध्ये रेनो डस्टर. आपल्याकडे हा प्रकार घराघरांत पोहोचवला तो 2012 मध्ये आलेल्या डस्टरने आणि 2015 मध्ये आलेल्या क्रेटाने.

डिझेल घेताय? मग डीपीएफ समजून घ्या

एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ नावाची जाळी आली. धुरातली काजळी पकडणं हे तिचं काम. जाळी भरत आली की गाडी स्वतःच आतलं तापमान 600 अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते.

अडचण अशी की हे जळणं नीट व्हायला गाडी साधारण 15 ते 20 मिनिटं एका लयीत, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. समृद्धी महामार्गावर किंवा जालना रोडला शहराबाहेर हे सहज होतं. पण घर ते गुलमंडी, गुलमंडी ते शाळा, शाळा ते घर एवढंच रनिंग असेल तर काजळी जळायची प्रक्रिया सुरू होते आणि मध्येच गाडी बंद होते. असं वारंवार झालं की जाळी चोंदते.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. काजळी जाळण्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल सोडते. प्रक्रिया अर्धवट राहिली की त्यातलं काही डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि टर्बो, बेअरिंग यांची झीज वाढते.

ओळखायचं कसं? डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर गाडी शहरातच फिरलेली आहे असं समजा. डीपीएफ साफ करून भागलं तर 10 ते 25 हजार. बदलावा लागला तर लाखाच्या पुढे.

काही जण डीपीएफ काढूनच टाकतात. अशी गाडी घेऊ नका. ते बेकायदा आहे आणि पुढे पीयूसीला किंवा गाडी विकताना ते प्रकरण तुमच्याच गळ्यात येतं.

ऑटोमॅटिक आहे, पण कोणती?

विकणारा म्हणतो, "साहेब, ऑटोमॅटिक आहे." इथे पुढचा प्रश्न विचारायचा, कोणत्या प्रकारची? कारण मुख्य तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा खर्च वेगळा.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टर. क्रेटा, हॅरियर, कंपास यांच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्ये हाच असतो. गर्दीत सगळ्यात सोशिक. वेळेवर ऑइल बदललं तर फार त्रास देत नाही.

दुसरा सीव्हीटी. पेट्रोल क्रेटा आणि सेल्टोसमध्ये तो आयव्हीटी नावाने येतो. चालवायला मऊ. फेब्रुवारी 2024 मध्ये ह्युंदाईने क्रेटा आणि व्हर्नाच्या 7,698 आणि कियाने सेल्टोसच्या 4,358 गाड्या परत बोलावल्या होत्या. कारण होतं या गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाचा कंट्रोलर. 2023 मध्ये बनलेली आयव्हीटी गाडी बघत असाल तर ते काम झालंय का, हे विचाराच.

तिसरा प्रकार ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी किंवा डीएसजी. कुशाक आणि टायगुनच्या 1.5 टर्बोमध्ये, क्रेटा-सेल्टोसच्या टर्बो पेट्रोलमध्ये आणि कंपासच्या 1.4 पेट्रोलमध्ये सात गिअरचा हाच प्रकार आहे. यात दोन क्लच असतात आणि या गाड्यांत ते कोरडे असतात, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेले नसतात. हायवेवर हा गिअरबॉक्स मस्त पळतो. पण दहा फूट सरक, थांब, परत सरक असं चाललं की क्लच सतत अर्धवट घासत राहतो आणि तापतो.

गरम हवामानात अशा गिअरबॉक्सला त्रास होतो हे जगाने आधीच पाहिलंय. 2013 मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरच्या डीएसजीमधलं सिंथेटिक ऑइल बदलून मिनरल ऑइल टाकण्यासाठी जगभरातून सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण आणि दमट हवेत त्या ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात शॉर्टसर्किट होऊ शकत होतं. आजचे गिअरबॉक्स त्यानंतर सुधारलेले आहेत, पण कोरड्या क्लचचा स्वभाव तोच आहे.

ओळखायचं कसं? पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना गाडी थरथरते का, धक्का देते का, चढावर निघताना मागे सरकते का, ते बघा. क्लच पॅक बदलायचा तर साधारण 60 हजार ते सव्वा लाख. मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू गेला तर एक ते दोन लाख.

पट्टा तुटला तर काय?

डस्टरचं 1.5 डिझेल इंजिन आणि कंपास, हॅरियर, हेक्टर यांचं 2.0 डिझेल इंजिन टायमिंग बेल्टवर चालतं. कंपास, हॅरियर आणि हेक्टरचं इंजिन मुळात एकच, फियाटचं. ते बनतं पुण्याजवळच्या रांजणगावात. याचा फायदा असा की एका गाडीचं इंजिन उघडलेल्या मेकॅनिकला बाकी दोन्हींचा अंदाज असतो.

बेल्ट हा रबराचा पट्टा. किलोमीटर कमी झाले असले तरी वर्षं उलटली की तो कडक होतो. चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. वॉटर पंपासह बेल्ट किट बदलायला 15 ते 30 हजार लागतात. तुटल्यावरचा खर्च लाखाच्या पुढे जातो. बेल्ट बदलल्याचं बिल विकणाऱ्याकडे नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा.

नेहमीचे खर्च, जे कोणी सांगत नाही

खालचे आकडे ढोबळ आहेत. बाहेरच्या चांगल्या गॅरेजमधले, मजुरीसह. शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला यापेक्षा जास्त धरा.

- 17 इंची चार टायर: 35 ते 50 हजार
- मॅन्युअल गाडीचा क्लच सेट: 15 ते 30 हजार. त्यासोबत ड्युअल मास फ्लायव्हील गेलं असेल तर आणखी 40 ते 80 हजार
- पुढचे शॉकअप, बुश, लिंक रॉड: 20 ते 40 हजार
- एसी कॉम्प्रेसर: 20 ते 40 हजार
- टर्बो: 40 हजार ते 1 लाख

थोडा दिलासा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के झालाय. आधी बऱ्याच भागांवर तो 28 टक्के होता.

"आपल्याच गावात बनते, मग पार्ट स्वस्त असतील ना?"

संभाजीनगरमध्ये हा समज हमखास ऐकू येतो. जालना रोडवरच्या शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना 2001 पासून आहे. यती आणि कोडियाक या गाड्या इथेच तयार झाल्या. पण इथे तयार होणं म्हणजे परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जोडणी. कारखाना गुलमंडीपासून तासाभराच्या आत असला तरी अनेक पार्ट समुद्रापलीकडून येतात आणि त्यांची किंमतही तशीच असते.

उलट चाकणमध्ये बनणाऱ्या कुशाकचे 95 टक्क्यांपर्यंत भाग भारतातलेच, असं कंपनी सांगते. म्हणून गाडी कुठे जोडली यापेक्षा तिचे भाग कुठे बनतात आणि रस्त्यावर तशा किती गाड्या आहेत, हे बघा. क्रेटाचा शॉकअप कुठल्याही मोठ्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. यतीचा मागवावा लागतो आणि तोवर गाडी गॅरेजमध्ये उभी राहते.

फुकटातली दुरुस्ती विसरू नका

कंपनीने गाडी परत बोलावली असेल तर ते काम मोफत होतं, मालक दुसरा असो की तिसरा. 1 एप्रिल 2021 पासून सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी सरकार कंपनीला रिकॉल करायला भागही पाडू शकतं. ऑगस्ट 2023 मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही 700 च्या 1,08,306 गाड्या इंजिनजवळच्या वायरिंगच्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या. गाडी ठरवण्याआधी चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाईटवर किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

कागद बोलतात

आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ते बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 शिवाय पैसे देऊ नका. फॉर्म 29 आणि 30 वर सही झाली म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही. आरटीओच्या नोंदीत नाव बदललं तरच झाली.

जुनी इन्शुरन्स पॉलिसी मागा. त्यावर नो क्लेम बोनस 50 टक्के असेल तर सलग काही वर्षं क्लेम नाही, म्हणजे मोठी ठोकाठोकी नसण्याची शक्यता जास्त. शून्य असेल तर क्लेम कशाचा होता, ते विचारा. हा बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीसोबत तुम्हाला मिळत नाही. पॉलिसी मात्र 14 दिवसांच्या आत नावावर करून घेण्यासाठी अर्ज करा.

दिल्ली पासिंगची डिझेल क्रॉसओव्हर दोन लाखांनी स्वस्त दिसली तरी थांबा. दिल्लीत 10 वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत येतात. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि एमएच 20 चा नंबर घेईपर्यंत त्या दोन लाखांतलं किती उरतं, ते आधी कागदावर मांडा.

मग करायचं काय?

समजा, तुमचं बजेट 8 लाख आहे. तर गाडी 7 ते 7 लाख 20 हजारांपर्यंतचीच बघा. उरलेले 80 हजार ते लाख पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. त्यात टायर, बेल्ट, सस्पेन्शन बसतं. मेकाट्रॉनिक किंवा नवा डीपीएफ बसत नाही, म्हणून ती दुखणी असलेली गाडी घ्यायचीच नाही.

ट्रायल मात्र विकणाऱ्याने सांगितलेल्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करा, आवाज आणि धूर बघा. मग संध्याकाळी गाडी गुलमंडीत घाला. एसी चालू ठेवून 20 मिनिटं गर्दीत सरकत राहा. क्लच थरथरत असेल, एसी मंदावत असेल, टेम्परेचरचा काटा चढत असेल, तर ते तिथेच कळेल. तिथून बीड बायपास गाठा आणि 80 च्या वेगात ब्रेक, स्टिअरिंग, टर्बोचा जोर बघा. शेवटी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी रॅम्पवर चढवा आणि स्कॅनर लावा. हजार-दोन हजार रुपये जातील.

विकणारा यातल्या एखाद्या गोष्टीला नाही म्हणाला, तर टोकन देऊ नका. बाजारात दुसरी क्रेटा नक्की मिळेल. मोडलेली एफडी मात्र परत जमवायला वर्षं लागतात.