पिवळा दिवा नक्की कोणासाठी?

कॅलिफोर्नियात असलेल्या माझ्या एका मित्राने काही वर्षांपूर्वी हौसेने जुनी पोर्शे ९११ घेतली. १९९६ सालची. हिला जाणकार मंडळी ९९३ म्हणतात, कारखान्यातल्या अंतर्गत क्रमांकावरून. पाण्याऐवजी हवेने आणि तेलाने थंड होणाऱ्या इंजिनाची ही शेवटची ९११, १९९८ मध्ये बंद झाली. त्यामुळे तिचे भक्त बरेच आणि किंमतही तशीच.

एका शनिवारी त्याचा फोन. "अरे, इंजिन झकास चाललंय. पण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय आणि पुढच्या महिन्यात स्मॉग चेक आहे."

९११ च्या डॅशबोर्डवर पाच गोल तबकड्या असतात. तेलाचा दाब, तेलाचं तापमान, वेग, फेरे, सगळं दिसतं. त्याच्या गाडीत प्रत्येक काटा जिथे हवा तिथे होता. आवाज ठीक, पिकअप ठीक. फक्त तो इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा. मेकॅनिकने कोड वाचला: पी०४१०, म्हणजे 'सेकंडरी एअर इंजेक्शन'मध्ये बिघाड. सिलिंडर हेडमधल्या बारीक वाहिन्या काजळीने तुंबल्या होत्या. साफ करून भागलं तर ठीक, नाहीतर इंजिन खाली उतरवून वरचा भाग उघडायचा. खर्च हजारो डॉलर.

आणि खरी चिडचिड पुढेच आहे. अमेरिकेत विकलेल्या १९९५ च्या ९९३ मध्येही ह्याच वाहिन्या, हीच काजळी. पण त्या गाडीत ह्या बिघाडासाठी दिवा लागतच नाही! "म्हणजे एक वर्ष जुनी घेतली असती तर सुटलो असतो?" असं त्याने विचारलं. उत्तर 'हो' असंच आहे. पण एका वर्षात असं काय झालं, हे शोधण्यात माझा वीकांत गेला. त्याची ही गोष्ट.

सुरुवात लॉस एंजेलिसमध्ये होते. जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू आहे आणि अचानक शहरावर डोळे चुरचुरवणारं धुरकं उतरतं. जपान्यांनी विषारी वायू सोडला असावा, असं लोकांना वाटलं. मग संशय कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाईन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो बंद करून पाहिला, तरी धुरकं येतच राहिलं.

हे कोडं सोडवलं एका अननसवाल्याने. म्हणजे अननसाच्या वासाचं रसायनशास्त्र अभ्यासणाऱ्या प्राध्यापकाने. आरी हागन-स्मिट हे मूळचे डच, कॅलटेकमध्ये शिकवायचे. अननसाचा वास पकडायची साधनं वापरून त्यांनी शहराची हवा तपासली. १९५२ मध्ये त्यांनी मांडलं की गाड्यांच्या आणि तेल कारखान्यांच्या धुरातले न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साईड उन्हात एकत्र येतात आणि त्यातून ओझोन आणि हे धुरकं तयार होतं. म्हणजे दोषी कोण? रोज गाडी काढून ऑफिसला जाणारा प्रत्येक जण. ही बातमी कोणालाच आवडली नाही, हे वेगळं सांगायला नको.

पुढे १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ काढलं आणि हागन-स्मिटच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० च्या 'क्लीन एअर ॲक्ट'ने गाड्यांचं प्रदूषण ९० टक्क्यांनी उतरवायचं फर्मान काढलं. १९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकन गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. १९७६ मध्ये बॉशचा ऑक्सिजन सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांतून रस्त्यावर आला. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते पाहून पेट्रोल कमी-जास्त करायचं, ही त्याची युक्ती. पण हे गणित सतत करत बसायला गाडीत कॉम्प्युटर पाहिजे. तो असा मागच्या दाराने आत आला.

आता प्रश्न असा की शोरूममधून निघालेली गाडी स्वच्छ असते, पण पाच वर्षांनी? सेन्सर मरतो, कन्व्हर्टर थकतो, आणि गाडी मात्र मस्त पळत राहते. चालकाला काहीच कळत नाही, कारण त्याचं काहीच बिघडलेलं नसतं. दोन वर्षांतून एकदा नळी लावून तपासणं म्हणजे सर्व्हर चालू आहे की नाही हे दिवाळीच्या दिवाळी बघण्यासारखं.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की गाडीत कॉम्प्युटर बसलाच आहे, त्यालाच पहाऱ्यावर ठेवू. जनरल मोटर्सच्या १९८१ च्या गाड्यांत 'चेक इंजिन' दिवा होता. डॅशबोर्डखालच्या कनेक्टरच्या दोन पिना कागदाच्या क्लिपने जोडायच्या, की दिवा कोड मिचकावायचा: एकदा, थांबून दोनदा, म्हणजे कोड १२. आपल्या व्यवसायातलं हे अगदी सुरुवातीचं डीबगिंगच म्हणायचं :)

कॅलिफोर्नियाने १९८५ मध्ये नियम केला आणि १९८८ च्या मॉडेलांपासून असं स्वनिदान सक्तीचं झालं. हे ओबीडी-१. पण त्यात प्रत्येक कंपनीचा कनेक्टर वेगळा, कोड वेगळे. शिवाय एखादा सेन्सर तुटला तर कळायचं, पण यंत्रणा खरोखर काम करते का, हे फारसं कळत नसे. म्हणून ओबीडी-२ आलं. १९९४ पासून टप्प्याटप्प्याने, आणि १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना. सोळा पिनांचा एकच कनेक्टर आणि सगळ्यांना समान कोड. प्रदूषण मर्यादेच्या साधारण दीडपट होईल इतका भाग बिघडला, की दिवा. एका चुकीच्या रीडिंगवर बोंब नको, म्हणून बहुतेक बिघाड सलग दोन फेऱ्यांत दिसावे लागतात. आपल्याकडे अलर्ट लिहिणाऱ्यांनी एवढा तरी धडा घ्यावा.

तर मित्राच्या गाडीचं रहस्य हेच. गार इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त लागतं आणि कन्व्हर्टर अजून थंड असतो, म्हणून काम करत नाही. त्या वेळी एक पंप एक्झॉस्टच्या तोंडाशी ताजी हवा सोडतो. उरलेलं पेट्रोल तिथेच जळतं आणि कन्व्हर्टरही लवकर तापतो. गाडी पळण्याशी ह्याचा संबंध शून्य. १९९५ च्या गाडीतही हा पंप होता, पण हवा खरंच पोचली का हे कोणी विचारत नव्हतं. १९९६ मध्ये विचारणारा आला.

म्हणून ते पाच काटे आणि हा दिवा, दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. काटे गाडीच्या तब्येतीबद्दल सांगत होते. दिवा गाडीच्या मागे असणाऱ्यांच्या तब्येतीबद्दल.

पळवाटा लोकांनी शोधल्याच. दिव्यावर काळी टेप लावली, तर चावी फिरवल्यावर दिवा लागतो का हे स्मॉग चेकमध्ये बघतात. कोड पुसून टाकला, तर त्याबरोबर 'तपासणी पूर्ण' अशा नोंदीही पुसल्या जातात आणि तपासणारा सांगतो, आधी आठवडाभर चालवून या.

मोठी पळवाट मात्र आपल्या बिरादरीने काढली. २०१५ मध्ये उघड झालं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतंच सभ्य वागायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साईड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते, आणि पिवळा दिवा शांत. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी गाडीच्या मागे मोजणी यंत्र बांधून रस्त्यावर फिरवली, तेव्हा आकडे हाती लागले. पहारेकरी कोड लिहिणाराच फितूर झाला, तर बिचारा दिवा काय करणार?

भारतात ओबीडी-१ बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून आलं. तेव्हा तुमच्या साध्या हॅचबॅकमध्येही हाच पोलीस बसलाय. थोडक्यात काय करायचं? पिवळा दिवा स्थिर असेल तर घाबरू नका, घरी जा, पण कोड वाचून घ्या. पुसायच्या आधी लिहून ठेवा. पिवळा दिवा मिचकावत असेल तर लगेच ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय, तो वितळू शकतो. आणि तेलाचा लाल दिवा लागला तर सुरक्षित जागा बघून इंजिन बंद. तिथे चर्चा नाही.

मित्राचं म्हणाल तर वाहिन्या साफ करून भागलं, इंजिन उतरवावं लागलं नाही. दिवा विझला, स्मॉग चेक पास झाला. त्या रात्री पुन्हा फोन. "गाडी होती तशीच पळतेय रे. एवढे पैसे घालून मला मिळालं काय?"

मी म्हटलं, "तुला काहीच नाही. तुझ्या मागे सिग्नलला उभ्या असलेल्याला मिळालं."

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याला निम्मं बिल पाठवू का?"