गोमांस मागोवा कायदा, जपान

गोमांस मागोवा कायदा, जपान : गुराच्या जन्मापासून दुकानातल्या पाकिटापर्यंत त्याची ओळख टिकवणारा कायदा. जून २००३ मध्ये संमत. गोठे व कत्तलखान्यांना डिसेंबर २००३ पासून, तर मांसविक्रेते व उपाहारगृहांना डिसेंबर २००४ पासून लागू.

सप्टेंबर २००१ मध्ये चिबा प्रांतातील एका दुभत्या गाईत ‘मॅड काउ’ रोग आढळला आणि गोमांसाचा खप कोसळला. ऑक्टोबरपासून कत्तलीच्या प्रत्येक गुराची तपासणी सुरू झाली. त्याआधीचे देशी मांस विकत घेऊन बाजारातून काढण्याची योजना सरकारने आखली. तिचे पैसे लाटण्यासाठी स्नो ब्रँड फूड्स या कंपनीने ऑस्ट्रेलियाचे मांस देशी म्हणून दाखवल्याचे जानेवारी २००२ मध्ये उघडकीस आले. कायद्याच्या बांधणीत रोगाच्या भीतीइतकाच या फसवणुकीचा धडा दिसतो.

वासराच्या दोन्ही कानांत एकाच दहा अंकी क्रमांकाचे बिल्ले मारतात. जन्मतारीख, लिंग, जात व आईचा क्रमांक नोंदवावा लागतो. जनावर दुसऱ्याकडे गेले की देणारा आणि घेणारा दोघेही कळवतात. ही नोंदवही फुकुशिमा प्रांतातील राष्ट्रीय पशुधन पैदास केंद्र सांभाळते. खरी अडचण कत्तलीनंतरची. बिल्ला मांसाबरोबर जात नाही. पुढे क्रमांक फक्त चिठ्ठ्यांवर आणि वेष्टनांवर चालतो, आणि चिठ्ठी बदलणे सोपे असते. म्हणून कत्तलखान्यातच मांसाचा नमुना राखून ठेवतात व दुकानातून उचललेल्या मांसाच्या डीएनएशी तो ताडून पाहतात. या पडताळणीमुळेच कायद्याला धार आहे. सुकीयाकी, शाबू-शाबू, याकिनिकू व स्टेक हे मुख्य पदार्थ असलेल्या उपाहारगृहांनाही क्रमांक लावावा लागतो आणि तो केंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो.

क्रमांकावरून मांसाचा दर्जा कळत नाही. ‘ए-५’ सारखी प्रत चरबीची जाळी, रंग, पोत इत्यादींवरून जपान मांस प्रतवारी संघटना वेगळी ठरवते. खिमा, आतडी-काळीज, प्रक्रिया केलेले पदार्थ आणि परदेशातून आलेले मांस कायद्याबाहेर आहे. जिवंत आयात केलेल्या गुरांना मात्र तो लागू होतो. जपानमध्ये परदेशी गोमांस मोठ्या प्रमाणावर खाल्ले जात असल्याने ही उणीव लहान नाही.

फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर, जुलै २०११ मध्ये, उघड्यावर राहिलेला किरणोत्सारी भाताचा पेंढा खाल्लेल्या गुरांचे मांस अनेक प्रांतांत विकले गेल्याचे कळले. तेव्हा क्रमांक जाहीर करून ते मांस कुठे पोहोचले याचा शोध घेण्यात आला. एका रोगासाठी उभारलेली यंत्रणा अगदी वेगळ्या संकटात कामी आली. निरोगी गुरांची ‘मॅड काउ’ तपासणी एप्रिल २०१७ मध्ये बंद झाली. क्रमांकाची सक्ती त्यानंतरही कायम राहिली.