शब्द कायद्याने रुजतात का?

१९१३ साली हैफा येथील नियोजित तंत्रशिक्षण संस्थेत विज्ञान जर्मनमधून शिकवायचे ठरले, तेव्हा शिक्षक-विद्यार्थ्यांनी संप केले. हिब्रूत शास्त्रीय शब्द पुरेसे नाहीत, हा जर्मनच्या बाजूचा मुद्दा होता. १९२४ मध्ये तेथील वर्ग सुरू झाले ते हिब्रूतूनच!

शब्द घडवण्यासाठी १८९० मध्ये जेरुसलेमला भाषा समिती स्थापन झाली होती. १९५३ च्या कायद्याने तिच्या जागी अकादमी आली. व्याकरण, लेखन व परिभाषेबाबत तिचे निर्णय शासनाला, शाळांना बंधनकारक असतात; लोकांच्या बोलण्याला नाही. 'विचार करणे' या धातूवरून बनलेला 'महशेव' (संगणक) रुजला. 'साह-राहोक' मात्र मागे पडला आणि 'टेलेफोन'च राहिला.

आम्ही संशोधक शब्द सुचवतो. ते वर्गात वापरून पाहणारे शिक्षकच आमचे खरे परीक्षक.