कामगाराचा हिशेब आणि सरकारचा वाटा

सदाशिव पेठेत उभे राहून कारखान्यातल्या हिशेबाविषयी बोलणे काहींना विसंगत वाटेल. ही वस्ती पेन्शनरांची, कामगारांची नव्हे, असा एक समज आहे. परंतु २०००-०१ साली सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी स्वेच्छानिवृत्तीच्या योजना काढल्या, तेव्हा या पेठेतल्या वाड्यांत आणि सोसायट्यांतही तोच प्रश्न येऊन बसला, जो गिरणगावातल्या खोलीत कितीतरी आधी येऊन गेला होता. तो असा : नोकरी गेल्याबद्दल जी एकरकमी रक्कम हाती पडते, ती कमाई आहे काय? आणि कमाई नसेल, तर सरकारने तीवर कर का घ्यावा?

कामगारांच्या भाषेत या रकमेला ‘हिशेब’ म्हणतात. ‘अमक्याने हिशेब घेतला’ म्हणजे त्याचा कारखान्याशी संबंध संपला. या हिशेबावरील कराचा इतिहास शंभर वर्षांचाही नाही. पण तो पाहिला म्हणजे कायदा कोणाकडे आधी पाहतो हे कळून येते.

प्रारंभ मालकवर्गापासून करावा लागतो, कारण न्यायालयात आधी तेच पोहोचले. शॉ वॉलेस कंपनीकडे तेलकंपन्यांची एजन्सी होती. ती काढून घेण्यात आली आणि तिला भरपाई मिळाली. ही भरपाई प्राप्ती नव्हे, असा निर्णय १९३२ साली प्रिव्ही कौन्सिलने दिला. न्यायमूर्तींनी प्राप्तीला झाडाच्या फळाची आणि शेतातल्या पिकाची उपमा दिली होती. दरसाल येते ते फळ; झाडच गेले तर त्याची किंमत म्हणजे फळ नव्हे. नोकरी हे कामगाराचे झाड. ते तोडल्यावर मिळणारी भरपाई ही त्या लाकडाची किंमत.

१९२२ चा प्राप्तिकर कायदाही पुष्कळ दिवस असेच मानीत होता. केवळ नोकरी गेल्याची भरपाई म्हणून दिलेली रक्कम त्याने पगारातून वगळली होती. मागील सेवेचा मोबदला मात्र कराला पात्र होता. पुढे १९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात कामगारकपातीचे प्रकरण घालण्यात आले. एक महिन्याची नोटीस, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, असा हक्क कामगारास मिळाला. आणि दोनच वर्षांनी, १९५५ च्या वित्त कायद्याने, प्राप्तिकरातील ती जुनी सवलत काढून घेतली. ही दुरुस्ती काही गिरणी कामगारावर नेम धरून केलेली नव्हती. त्याच कायद्याने मॅनेजिंग एजंटांच्या मोठ्या भरपायाही कराच्या जाळ्यात आणल्या. पण जाळे टाकले म्हणजे लहान मासळीही त्यात येतेच. एका कायद्याने झाडाची किंमत ठरवली, दुसऱ्याने त्या झाडाला फळ म्हटले.

याच सुमारास बार्शीच्या रेल्वेचा खटला उभा राहिला. एव्हरार्ड काल्थ्रॉप याने उभारलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली कुर्डुवाडी–बार्शी मार्गावर सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर व मिरज येथपर्यंत गेली. पिढ्यान् पिढ्या वारकऱ्यांना तिने विठोबाच्या पायाशी नेले. १ जानेवारी १९५४ पासून सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. आदल्या दिवशी कंपनीची चाकरी संपली. सरकारी चाकरी नव्याने सुरू व्हायची होती. कामगार म्हणाले, ही कपातच झाली, आम्हांस भरपाई द्या. त्यांच्या बाजूने के. एन. जोगळेकर यांचे नाव खटल्यात आहे. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल लागला की, चालू धंद्यातील जादा माणसे कमी करणे एवढीच कपात होय. धंदाच बंद झाला वा दुसऱ्याकडे गेला, तर ती कपात नव्हे. बार्शीचे कामगार हरले.

पण ही हार फुकट गेली नाही. १९५७ साली सरकारने आधी वटहुकूम व मागाहून कायदा करून, मालकी बदलली वा कारखाना बंद पडला तरी भरपाईचा हक्क दिला. मात्र तो २८ नोव्हेंबर १९५६ पासून. म्हणजे ज्यांच्या खटल्यातून हक्क जन्मला, ते बार्शीवालेच त्यातून सुटले. संघटनेच्या कामात असे अनेकदा पाहावे लागते.

प्राप्तिकराच्या कायद्याला हा धडा गिरवायला आणखी अठरा वर्षे लागली. १९६१ च्या कायद्यात १९७५ साली दुरुस्ती होऊन कामगारकपातीच्या भरपाईला २०,००० रुपयांपर्यंत करमाफी मिळाली. आणि कारखाना बंद पडणे व मालकी बदलणे या गोष्टीही कपातीतच धरल्या गेल्या. बार्शीच्या कामगारांना न्यायालयात जे मिळाले नाही, ते करकायद्याच्या एका स्पष्टीकरणात येऊन बसले. पुढे मर्यादा ५०,००० झाली आणि १ जानेवारी १९९७ पासून ५ लाख.

स्वेच्छानिवृत्तीची वाट निराळी. १९८७ साली सार्वजनिक कंपन्यांच्या नोकरांना ही सवलत मिळाली. पुढे ती इतर कंपन्यांनाही लागू झाली व तिलाही ५ लाखांची सीमा पडली. रिझर्व्ह बँकेतून मुदतपूर्व निवृत्ती घेतलेल्यांना तेवढ्यासाठीसुद्धा भांडावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली त्यांच्या बाजूने कौल दिला. पाच लाखांवरच्या रकमेला पगाराच्या थकबाकीसारखी, आधीच्या वर्षांचा विचार करून मिळणारी सूटही द्यावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली म्हटले होते. २००९ च्या वित्त कायद्याने पुढील निवृत्तांसाठी ती वाट बंद केली.

आता खरे दुखणे. ग्रॅच्युइटीच्या माफीची मर्यादा १९९७ साली साडेतीन लाख होती. ती २०१० साली १० लाख व २०१८ साली २० लाख झाली. निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेच्या पगाराची मर्यादा, खासगी नोकरांसाठी, २०२३ साली ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली. या दोन्ही वाढी योग्यच आहेत. परंतु कपातीच्या भरपाईची १९९७ ची रेघ जागची हललेली नाही. जो वय पूर्ण करून सत्काराचा नारळ घेऊन घरी जातो त्याची आठवण ठेवली गेली; ज्याला मध्येच दाराबाहेर काढले त्याची राहिली.

महिना ४०,००० पगाराच्या आणि तीस वर्षे नोकरी झालेल्या कामगाराचा हिशेब मांडू. वर्षाला पंधरा दिवस, म्हणजे तीस वर्षांचे पंधरा महिने, म्हणजे ६ लाख. कायद्याने ठरवलेली किमान भरपाईच माफीच्या पलीकडे गेली. आणि संघटनेने भांडून २० लाखांचा करार केला, तर ५ लाख माफ व १५ लाख त्या एका वर्षाची कमाई. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही हे खरे. पण तीस वर्षांची किंमत एका वर्षात मोजली की मनुष्य ती ओलांडतो. पुढच्या वर्षी त्याची मिळकत शून्य असेल, हे कोष्टकाला दिसत नाही.

मी संघटनेत नवा असताना अशीच एक चूक माझ्या हातून झाली. एका कारखान्याशी करार करताना ‘सर्व देणी मिळून’ एकच आकडा लिहिला, आणि त्यावर अभिमानाने सही केली. पैसे आले तेव्हा साऱ्या रकमेवर कर कापलेला. ग्रॅच्युइटी, रजा, थकलेला पगार, नोटिशीचा पगार, भरपाई ही प्रत्येक रक्कम कायद्याच्या निराळ्या दाराने येते, हे मला ठाऊक नव्हते. एका वृद्ध फिटरने विचारले, ‘साहेबांनी कापले ते समजलो, तुम्ही का कापू दिलेत?’ त्या रात्री मी प्राप्तिकराचे पहिले पुस्तक उघडले.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही पंधरा दिवसांचे माप कायम ठेवले. ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. प्राप्तिकराचा नवा कायदाही संसदेने २०२५ सालीच केला. पुस्तके नवी झाली आहेत, तेव्हा आकडाही नवा व्हावा, आणि तो ग्रॅच्युइटीच्या मर्यादेबरोबर आपोआप चढावा, एवढीच मागणी आहे. प्रिव्ही कौन्सिलला एका कंपनीच्या बाबतीत झाड आणि फळ यांतला भेद कळला होता. तो कामगाराच्या बाबतीतही कळावा.