श्वानकराचा इतिहास : हौस कोठें संपते आणि व्यापार कोठें सुरू होतो?

स्वर्गाच्या दाराशीं आलेल्या धर्मराजानें सोबतच्या कुत्र्याला टाकून आंत पाऊल ठेवण्याचें नाकारलें, ही कथा आम्हीं लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु त्या दाराशीं देवेंद्राऐवजीं एखादा करवसुलीचा कारकून उभा असता, तर त्यानें प्रथम विचारलें असतें, “हा कुत्रा आपला काय? मग परवाना कोठें आहे?” वाचकांस हा विनोद वाटेल, पण इंग्लंडच्या इतिहासांत हा प्रश्न दोनशें वर्षें गंभीरपणानें विचारला गेला आहे, आणि त्याच्या उत्तरांत राज्यसंस्था व सामान्य गृहस्थ यांचे संबंध कसे बदलत गेले हें चांगलें दिसून येतें.

इ. स. 1796 चें साल घ्या. फ्रान्सशीं युद्ध चाललेलें, खजिना रिकामा, आणि आदल्या वर्षीं पीक बुडाल्यामुळें धान्य महागलेलें. खिडक्यांवर कर होता, घोड्यांवर होता, आणि 1795 मध्यें केसांस लावावयाच्या पावडरीवरहि बसला होता. अशा वेळीं लँकेस्टरचे प्रतिनिधि जॉन डेंट यांनीं पार्लमेंटांत कुत्र्यांवर कर बसविण्याची सूचना आणली. कुत्रीं माणसांच्या तोंडचें अन्न खातात आणि पिसाळून लोकांचे प्राण घेतात, हा त्यांचा युक्तिवाद. या उद्योगाबद्दल बिचाऱ्या डेंटसाहेबांस ‘डॉग डेंट’ हें टोपणनांव मात्र जन्मभर चिकटलें. विल्यम विंडम यांनीं या कराला कसून विरोध केला. श्रीमंताच्या घरीं करमणुकीचीं शंभर साधनें असतात, मजुराच्या झोपडींत एक कुत्रेंच असतें, हा या वादांतील खरा मर्मभाग होता.

अखेर मुख्य प्रधान पिट यांनीं कर बसविला. पण त्यांत तारतम्य ठेवलें. शिकारीच्या जातींच्या प्रत्येक कुत्र्यामागें 5 शिलिंग. ज्याच्याजवळ दोन अगर अधिक कुत्रे असतील त्यालाहि दर कुत्र्यास तोच दर. आणि साधें एकच कुत्रें बाळगणाऱ्या करदात्या गृहस्थाला 3 शिलिंग. ज्याच्या घरावर कोणताच कर नव्हता अशा गरिबाचें साधें एकुलतें कुत्रें यांतून सुटलें. सहा महिन्यांखालील पिलांसहि माफी होती. ही शेवटची सवलत दिसावयास लहान, पण पैदास करणाऱ्या शौकिनाच्या दृष्टीनें ती फार मोठी होती. कारण वेतांतील पिलें सहा महिन्यांच्या आंत दुसऱ्यास दिलीं, कीं त्याच्यावर केवळ मोठ्या जनावरांचाच भार राही.

पुढें दर वाढत जाऊन 1853 मध्यें सरसकट 12 शिलिंग झाला. कर जड झाला कीं लोक तो चुकवूं लागतात, हा सार्वत्रिक नियम येथेंहि खरा ठरला. म्हणून 1867 मध्यें जुनी आकारणी मोडून 5 शिलिंगांचा वार्षिक परवाना सुरू झाला, आणि दर उतरतांच परवाने घेणारांची संख्या वाढली. 1878 मध्यें तो साडेसात शिलिंग केला गेला. मात्र धनगराचीं कुत्रीं आणि अंधांस वाट दाखविणारीं कुत्रीं यांस माफी मिळाली. जें कुत्रें पोटासाठीं राबतें किंवा माणसाचे डोळे होतें, त्यावर कर नको, ही त्यांतील दृष्टि आम्हांस विशेष मननीय वाटते.

याच काळांत श्वानपालनाची हौस मध्यमवर्गांत शिरली. 1859 मध्यें न्यूकॅसल येथें कुत्र्यांचें प्रदर्शन भरलें, आणि 1873 मध्यें केनेल क्लब स्थापन होऊन जातिवंत कुत्र्यांच्या वंशावळी लिहिल्या जाऊं लागल्या. वंशावळ आली कीं किंमत आली, आणि किंमत आली कीं हौसेच्या पाठोपाठ बाजार आला. तरीहि शंभर वर्षें परवाना कुत्रें बाळगण्याचा होता, पैदाशीचा नव्हता. तो 1973 च्या कायद्यानें आला. विक्रीच्या हेतूनें दोनांहून अधिक माद्या बाळगणारें स्थळ, मग तें राहतें घर कां असेना, परवान्याच्या कक्षेंत आलें. इकडे मूळचा परवाना मात्र इतका क्षुल्लक झाला होता, कीं त्याच्या उत्पन्नापेक्षां वसुलीचाच खर्च अधिक होई. 1987 मध्यें ग्रेट ब्रिटनमध्यें तो बंद झाला. उत्तर आयर्लंडांत तेवढा चालू राहिला.

आतां प्रश्न उरतो सीमेचा. 2018 च्या नियमांप्रमाणें इंग्लंडांत बारा महिन्यांत तीन अगर अधिक वेतें काढणाऱ्यास परवाना लागतो. एकहि पिलूं विकलें नाहीं असें दाखवितां आलें तर सूट आहे. तीनांहून कमी वेतें असलीं, तरी धंदा म्हणून पिलें विकणाऱ्याची सुटका नाहीं. प्राप्तीवरील कराची बाब निराळी : 2017 पासून व्यापाराच्या पहिल्या 1000 पौंड ढोबळ उत्पन्नास तेथें सूट आहे. म्हणजे आपल्या लाडक्या कुत्रीचें एखादें वेत काढून पिलें स्नेह्यांस देणारा सेवानिवृत्त गृहस्थ सुखानें झोपूं शकतो. पण विक्री वारंवार व नफ्यासाठीं होऊं लागली, कीं तो स्वतःस हौशी म्हणवीत असला तरी कायदा त्यास व्यापारी म्हणतो.

आपल्याकडेहि हा विषय परका नाहीं. मुंबई इलाख्यांतील शहरांसाठीं झालेल्या 1949 च्या महानगरपालिका कायद्यांत कुत्र्यांवरील कराची तरतूद आहे. 2017 मध्यें केंद्र सरकारनें पैदाशीचे नियम केले. त्यांत राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. अठरा महिन्यांखालील मादीपासून वेत घेण्यास आणि आठ आठवड्यांखालील पिलूं विकण्यास मनाई आहे.

या दोनशें वर्षांचा अर्थ आम्हांस असा दिसतो. 1796 च्या कायद्यानें धन्याची ऐपत मोजली. आजचे नियम मुक्या मादीच्या शरीराचे कष्ट मोजतात. पहिला प्रश्न खजिन्याचा होता, दुसरा दयेचा आहे. कर चुकविणाऱ्याबद्दल समाजास एखादे वेळीं कौतुकहि वाटतें; पण हौसेच्या नांवाखालीं वर्षांमागून वर्षें एकाच मादीस प्रसूतीस लावणाऱ्याचें कौतुक कोणी करूं नये. धर्मराजाची कसोटी कुत्र्याच्या किंमतीवर लागली नव्हती. शरण आलेल्या जीवास तो टाकतो कीं नाहीं, यावर लागली होती. परवान्याचा कागद ती कसोटी पुरी करूं शकत नाहीं. पण तिची आठवण करून देईल, तर तो अगदींच व्यर्थ म्हणतां येणार नाहीं.